इंग्लंडात मेटल डिटेक्टर घेतलास ना, मग हे आधी वाच
अरे मशीन कुठलं ते नंतर बघू, आधी शेतमालकाची परवानगी घे, तीही लेखी, आणि काय सापडलं तर वाटणी कशी ते पण त्यातच लिहून टाक म्हणजे पुढे कटकट नको. गव्हाची कापणी झाली की जा, धसकटं जितकी बुटकी तितकं बरं, कॉइल, म्हणजे मशीनची खालची गोल चकती, जमिनीला जवळजवळ टेकवून हळू फिरव. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूचे सिग्नल गाळायची सेटिंग, फार वर ठेवू नकोस. १२७९ च्या आधी सुट्ट्यासाठी चांदीच्या पेनीचेच कापून अर्धे नि पाव तुकडे करायचे, तसला तुकडा नखाएवढा, सिग्नल एकदम बारीक, पण हातात घेतलास की कापलेली सरळ कड आणि नाण्यावरच्या क्रॉसचा एखादा हात दिसतो, मला तर सोन्यापेक्षा हेच आवडतं. घासायचं मात्र अजिबात नाही! जागेचं जीपीएस लगेच नोंदव, खड्डा बुजव. ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन नाणी एकत्र मिळाली तर १४ दिवसांत कोरोनरला, म्हणजे अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला, कळवायचं, १९९६ चा कायदाच आहे. आणि हेच मशीन सुट्टीत गावच्या शेतात फिरवायचा विचार असेल तर सोड, आपल्याकडे १८७८ चा कायदा आहे, पुरलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तरी कलेक्टरला कळवावं लागतं.