ओकाय तेमिझला जमलं, मग मला का नाही?

तू विचारलंयस की पुण्यात जॅझ ड्रम्स वाजवतोस, स्टॉकहोमला मास्टर्सची सीट मिळतेय, नंतर पर्कशन शिकवून तिथेच राहता येईल का. आणि वर ओकाय तेमिझचं उदाहरण, की तो तुर्की ड्रमर 1967 ला स्वीडनला गेला आणि त्याचं झालंच की. व्हिसा, फी, बँक बॅलन्स सगळं साइटवर आहे, ते तू वाच. मी लिहायला बसलो ते तेमिझचं नाव काढलंस म्हणून, कारण मीपण त्याच्याच रेकॉर्ड्स ऐकून इकडे आलो.

तेमिझ 1939 चा, इस्तंबूलचा, अंकाराला कॉन्झर्वेटरीत शिकलेला, आणि स्वीडनला आला तो जॅझ गाजवायला वगैरे नाही, एका डान्स बँडबरोबर आला. इथे तुर्की ट्रम्पेटवाला माफी फालाय तेमिझच्या आधीपासून होता. अमेरिकेतून आलेला जॅझ ट्रम्पेटवाला डॉन चेरी दक्षिणेत स्कोनेमधल्या एका जुन्या शाळेत राहायला लागला. ट्रम्पेटवाला मोंगेझी फेझा आणि बेसवाला जॉनी डायानी दक्षिण आफ्रिकेतून निघालेले, तिथल्या वर्णद्वेषी राजवटीमुळे त्यांना तर घरी परतायची सोयच नव्हती. म्हणजे देश सोडून आलेल्यांची आख्खी टोळीच जमली होती इथे, एकट्याने कोणी काही केलं नाही. फेझा, डायानी आणि तेमिझ या तिघांची 1972 ची रेकॉर्ड ऐक, मग कळेल. तशी टोळी आज तुला मिळेल का? मला नाही मिळाली.

आणि गंमत बघ, तेमिझ तुर्की झाला तो इथे येऊन. दावुल-झुर्नाच्या (तिकडचा मोठा ढोल आणि सनईसारखं वाद्य) चाली, 2+2+2+3 असा लंगडत जाणारा नऊचा ताल, स्वतः ठोकून बनवलेले तांब्याचे ड्रम्स, हे सगळं इथल्या लोकांना हवं होतं. फालायच्या सेव्दा ग्रुपमध्ये तेच वाजवलं, पुढे 1974 ला स्वतःचा ओरिएंटल विंड हा बँड काढला. आपला त्रिलोक गुर्टू घे, शोभा गुर्टूंचा मुलगा, मुंबईचा, तोही युरोपात आला, चेरीबरोबर वाजवलं, आणि लोक लक्षात ठेवतात ते तबला आणि पाण्याच्या बादलीत बुडवलेली घंटा. ते दोघं मोठे, त्यांनी त्यातून स्वतःचं काहीतरी काढलं. माझ्यासारख्या मधल्या वाजवणाऱ्याला फोन येतो तो असा, तबला आहे ना, मग कुर्ता घालून येशील का. मी जॅझचा स्विंग वाजवायला आलो होतो रे. कुर्ता घातला, पैसे चांगले होते.

शिकवण्याचं म्हणशील तर नोकरी टक्क्यांत मिळते, म्हणजे पूर्णवेळ नोकरीचा तुकडा. म्युनिसिपालिटीच्या कुल्तुरस्कूलमध्ये, म्हणजे पोरांच्या संगीत-कला शाळेत, वीस टक्के, दुसऱ्या गावात पस्तीस टक्के, मध्ये लोकल ट्रेनमध्ये इलेक्ट्रॉनिक सॅम्पल पॅड मांडीवर. आणि वर्क परमिट वाढवायला गेलो की तिथल्या ऑफिसरला एकच मालक आणि एकच पगार हवा. तीन काँट्रॅक्ट दाखवली तर ती म्हणे यातली तुमची खरी नोकरी कुठली? मी म्हटलं तिन्ही. तिने पुन्हा तेच विचारलं. नंतर आठ महिने काही उत्तर नाही, त्यात सासरे गेले, बायको एकटी गेली, मला देश सोडता येईना.

मुलीचं सांगतो, ते अजून जात नाही डोक्यातून. पालकांच्या मीटिंगमध्ये टीचर म्हणाली की ती वर्गात सारखी बाकावर बोटं वाजवते, लक्ष नसतं, तपासणी करून घेऊ. अरे ती तबल्याचं तिरकिट करत होती, मीच शिकवलेलं! आणि त्याच गावची म्युनिसिपालिटी दुसऱ्यांच्या पोरांना तेच शिकवायला मला पगार देते. तपासणीत काही निघालं नाही. पण पोरीने बोटं वाजवणं बंद केलं, तबल्यालाही हात लावत नाही आता, फुटबॉलला जाते, आनंदात आहे म्हणा.

एकटेपणा वगैरेचं लोक फार करतात. नोव्हेंबरअखेर दुपारी तीनला अंधार पडतो, दिवे लावायचे, तालमीला जायचं.

तेमिझचं एक मात्र तू सोडलंस. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो परत गेला, इस्तंबूलला रिदमचं वर्कशॉप काढून शिकवायला लागला. इतकं सगळं करून. मी बायकोला सांगितलेलं नाही, पण रात्री कोथरूडमधल्या गाळ्यांची भाडी बघत असतो, साउंडप्रूफिंगचा खर्च एक्सेलमध्ये टाकलेला आहे. तरी तुला येऊ नको म्हणत नाहीये, सीट मिळतेय तर ये.

फक्त ढोल-ताशा पथकात वाजवलं असशील तर ते सोडून येऊ नको, जॅझच्या आधी तेच विचारतील. आणि राहायच्या जागेच्या रांगेत आजच नाव लाव, ड्रमसेट चालेल अशी खोली तर विसरच, पहिलं वर्ष प्रॅक्टिस पॅडवरच जाईल, शेजारी त्याचीही कम्प्लेंट करतात.