वाचक विचारतात : खरा कॉम्प्रेसर की प्लगइन?

प्रश्न : दोन इनपुट, दोन आउटपुटांचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि एक कंडेन्सर माइक वापरून घरी गाणं रेकॉर्ड करतो. ११७६ या प्रसिद्ध कॉम्प्रेसरचं प्लगइन (त्याची सॉफ्टवेअरमधली नक्कल) लावलं की आवाज चिरका आणि दाबल्यासारखा येतो. हार्डवेअर कॉम्प्रेसर घेतला तर फरक पडेल का?

उत्तर : कॉम्प्रेसर म्हणजे मोठे आवाज दाबून चढउतार कमी करणारं यंत्र. तो जोडणार कुठे, हे आधी पाहा. अशा कॉम्प्रेसरला लाइन लेव्हलचा सिग्नल लागतो, माइकचा त्याला पुरत नाही. म्हणून क्रम माइक, प्रीअँप (माइकचा सिग्नल मोठा करणारा), कॉम्प्रेसर, मग कन्व्हर्टर (सिग्नल डिजिटल करणारा) असा. तुमच्या इंटरफेसवर इन्सर्टचं सॉकेट नसेल, तर प्रीअँप आणि कन्व्हर्टर यांच्या मध्ये शिरायला जागाच नाही. प्रीअँपही वेगळा घ्यावा लागेल. मिक्सच्या वेळी ट्रॅक बाहेर पाठवून परत आणायचा, तर मोकळं लाइन आउटपुट हवं, आणि तुमची दोन्ही स्पीकरकडे गेलेली असणार.

तुमची तक्रार मात्र प्लगइनच्या वापरातून आलेली दिसते. ११७६ ला थ्रेशोल्डचा, म्हणजे कुठल्या पातळीपासून दाबायचं हे ठरवणारा, नॉब नाही. थ्रेशोल्ड ठरलेला असतो आणि इनपुट वाढवाल तितकं कॉम्प्रेशन वाढतं. बरीच ॲनालॉग धाटणीची प्लगइन्स −१८ डीबीएफएस (डिजिटल कमाल पातळीच्या १८ डेसिबल खाली) म्हणजे जुन्या यंत्रांवरच्या व्हीयू मीटरचा शून्य, असं धरून बनवलेली असतात. तुमचा ट्रॅक सरासरी −१० वर असेल तर तो आत शिरतानाच ८ डीबी जास्त असतो. प्लगइनच्या आधी क्लिप गेन (त्या रेकॉर्डिंगची पातळी) कमी करून सरासरी −१८ च्या आसपास आणा. पुढच्या वेळी रेकॉर्डिंगच मोठ्यात मोठा सूर −१० च्या वर जाणार नाही असं करा; २४ बिटमध्ये एवढी मोकळीक ठेवल्याने काही बिघडत नाही.

मग रेशो (किती दाबायचं) ४, ॲटॅक (किती लवकर दाबायचं) ३, रिलीज (किती लवकर सोडायचं) ५ वर ठेवून मोठ्या ओळींवर ३ ते ६ डीबी रिडक्शन (आवाज दबणं) दिसेपर्यंत इनपुट वाढवा. इथे एक गोम आहे : ॲटॅक आणि रिलीजच्या नॉबवर ७ म्हणजे सर्वांत जलद. दोन्ही ७ वर नेले की खर्जाच्या स्वरांत कॉम्प्रेसर प्रत्येक लहरीच्या मागे धावतो आणि आवाज फाटतो. हे मूळ यंत्रातही होतं. शेवटी बायपास करून (प्लगइन तात्पुरतं वगळून) ऐका आणि आउटपुट असा लावा की दोन्हीकडे आवाज सारखाच मोठा वाटेल. ही पायरी गाळू नका, कारण एखादा डीबी जरी जास्त असला तरी कानाला तेच 'चांगलं' वाटतं. हार्डवेअरची तुलनाही अशीच करायला हवी.

एवढं करूनही वरच्या पट्टीत किरकिर उरली तर प्लगइनमधलं ओव्हरसॅम्पलिंग (आतलं काम जास्त सॅम्पल रेटवर करणं) ४ पट करा. नव्याने तयार होणारे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले स्वर) सॅम्पल रेटच्या निम्म्याच्या वर गेले की खाली दुमडून बेसूर येतात, ते त्याने कमी होतं. आणि खोली घुमत असेल तर कॉम्प्रेसर, खरा असो वा प्लगइन, तो घुमार वरच आणणार. पैसे आधी तिथे घाला.

प्रश्न : प्लगइन लावून गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतो.

उत्तर : ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) जाता-येता मिळून सुमारे ५.३ मिलिसेकंद घेतो, ५१२ चा २१ च्या वर. कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (कॉम्प्युटरमधून न जाता थेट ऐकू येणं) चालू करा आणि सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्ब ऐका, मूळ आवाज तिथे बंद ठेवा. रिव्हर्ब थोडा उशिरा आला तर खटकत नाही. कॉम्प्रेशनसकट ऐकूनच गायचं असेल, तर कन्व्हर्टरच्या आधी बसणाऱ्या हार्डवेअरचा फायदा खरा आहे. ते उशीर लावत नाही.

प्रश्न : गिटार थेट जोडतो, पण ॲम्पचं कुठलंही प्लगइन मंदच वाजतं.

उत्तर : इनपुटचं बटण 'लाइन'वर राहिलं असेल, ते 'इन्स्ट्रुमेंट'वर करा. गिटारच्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो. लाइन इनपुट बहुधा काही दहा किलोओहमांचाच असतो आणि त्या ओझ्याखाली तारांची धार कन्व्हर्टरपर्यंत पोचतच नाही. नंतर ईक्यूने ट्रेबल वाढवाल, तर धारेपेक्षा खरखरच जास्त वर येईल.