इंजिनाला बोल लावण्याआधी बोट उलटी करा

नायट्रो हायड्रोप्लेनबद्दल, म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर, रेडिओ कंट्रोलने पाण्यावर घसरत पळणाऱ्या मॉडेल बोटींबद्दल आलेली पत्रं पुढ्यात आहेत. निम्म्याहून जास्त पत्रांत तक्रार इंजिनाची आहे आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी इंजिन बिचारं निर्दोष आहे. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची सवय नाही. उत्तरं त्याच चालीची आहेत, कुणी वाईट वाटून घेऊ नये.

प्रश्न : आजवर इलेक्ट्रिक बोटी चालवल्या. आता ३.५ सीसी इंजिनावर प्लायवूडची आउटरिगर बांधायची आहे. सगळ्यात जास्त काळजी कशाची घ्यावी?

स्पॉन्सनच्या, म्हणजे बोटीच्या दोन बाजूंना पुढे दांड्यांवर बसवलेल्या तरंगत्या भागांच्या, तळाची. बाकी काही थोडंफार इकडेतिकडे झालं तर निभावतं, तळाचं निभावत नाही. वेगात असताना या बोटीचा पाण्याशी संबंध जेमतेम तीन ठिकाणी उरतो. पुढचे दोन स्पॉन्सन आणि मागे अर्धा बुडालेला प्रॉपेलर. मधला टब, म्हणजे इंजिन बसतं तो बोटीचा मुख्य भाग, हवेत असतो. एवढ्याशा जागेवर सगळी बोट तोलायची, तर तिथला अर्धा मिलिमीटरही पाण्यावर दिसतो.

बांधणी जाड काचेवर करा. टेबल सपाट आहे हे डोळ्यांनी ठरवू नका. तळ चिकटवून, घासून झाला की त्यावर स्टीलची पट्टी उभी धरा आणि मागून उजेड टाका. मागच्या कडेजवळ खोलगटपणा दिसला तर ती बोट नाक खुपसणार. फुगवटा दिसला तर ती उड्या मारणार. दोन्ही असेल तर तळ पुन्हा करा, पुटी भरत बसू नका. स्पॉन्सनची मागची कड धारदार ठेवा. ती गोल राहिली तर पाणी तिथे सुटत नाही, कडेला चिकटून वर वळतं आणि स्पॉन्सनला खाली ओढतं. सँडिंगच्या नादात ही कड गोल करणारे खूप आहेत, कारण हाताला गोल कड छान लागते.

लाकडाला आतून पातळ केलेल्या इपॉक्सीचे दोन हात द्या. बाहेरून दोन भागांचा पॉलियुरेथेन द्या, साधा रंग या इंधनापुढे टिकत नाही. स्पॉन्सनमध्ये आणि टबच्या रिकाम्या जागी पाणी न पिणारा फोम भरा. इंजिन, पाइप आणि पितळेच्या वजनासकट बुडालेली बोट परत मिळेलच असं नाही.

प्रश्न : सरळ रेषेत पूर्ण थ्रॉटल दिला की बोट नाक वर करून मागे कोलांटी घेते. नायट्रो ५० वरून ३० टक्क्यांवर आणलं, लहान प्रॉप लावला, तरी तेच. इंजिन फार ताकदवान झालंय का?

इंजिन ताकदवान आहे म्हणून बोट उडत नाही. ती उडण्याजोगी बसवली आहे म्हणून उडते, इंजिन फक्त तिला त्या वेगापर्यंत नेऊन सोडतं. नायट्रो कमी करून तुम्ही तो क्षण पुढे ढकललात, इतकंच.

हवेची उचल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला तर उचल चौपट. नाक थोडं वर गेलं की टबच्या तळाखाली जास्त हवा शिरते, तिने नाक आणखी वर जातं आणि मग थ्रॉटल सोडूनही उपयोग नसतो. मोठ्या बोटींनाही हेच भोवलं आहे. डोनाल्ड कॅम्पबेल यांच्या जेटवर चालणाऱ्या ‘ब्लूबर्ड के-७’ने १९५५ साली अल्सवॉटर सरोवरावर ताशी २०२.३२ मैलांचा विक्रम केला. तीच बोट ४ जानेवारी १९६७ रोजी कॉनिस्टन वॉटरवर नाक उचलून उलटली आणि कॅम्पबेल गेले.

आता करायचं काय, ते क्रमाने सांगतो, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्यात तर कशाने सुधारलं ते कधीच कळणार नाही.

बोट काचेवर ठेवा. टबचा तळ काचेला समांतर किंवा पुढे किंचित झुकलेला हवा. मागे झुकलेला असेल, म्हणजे नाकाकडची बाजू उंच असेल, तर दुखणं तिथेच सापडलं. मग स्पॉन्सनच्या तळाचा कोन मोजा. आउटरिगरमध्ये तो साधारण तीन अंशांच्या आसपास ठेवतात. तुमचा साडेचार भरला तर मला नवल वाटणार नाही. डावा आणि उजवा वेगळे भरले तर आधी ते जुळवा.

हे बरोबर असेल तर स्ट्रटकडे वळा. प्रॉपचा दांडा ज्यात बसतो त्या स्ट्रटचं मागचं टोक अगदी थोडं खाली केलं, की प्रॉपचा जोर शेपटीला उचलतो आणि नाक खाली बसतं. कोन न बदलता सबंध स्ट्रट खाली घेतला तरी शेपटी वर राहते. पण अर्ध्या मिलिमीटरने सुरुवात करा. शेपटी जास्त उचलली गेली तर बोट स्पॉन्सनवर डोलायला लागते आणि वळणात नाक घालते.

सगळ्यात शेवटी वजन. टाकी भरून नव्हे, रिकामी ठेवून तोल पाहा, कारण शर्यतीच्या शेवटी बोट त्याच अवस्थेत असते. तोलाचा बिंदू स्पॉन्सनच्या मागच्या कडेच्या थोडा मागे येतो. तुमचा फार मागे असेल तर आधी बॅटरी पुढे सरकवा. शिसं भरायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका.

प्रश्न : सरळ चालताना इंजिन सुरेख वाजतं. उजव्या वळणात मात्र आवाज चढतो आणि बाहेर पडता पडता बंद पडतं. मेन नीडल (कार्ब्युरेटरमधून किती इंधन जाईल ते ठरवणारी सुई) उघडून पाहिली, तर सरळ रेषेत धूर आणि गुरगुर.

नीडल होती तिथे परत न्या. आवाज चढून इंजिन बंद पडणं म्हणजे इंधन तुटणं. उजव्या वळणात टाकीतलं इंधन डावीकडे फेकलं जातं आणि वळणातून जोर घेतला की मागे जातं. म्हणून टाकीच्या आतल्या नळीचं तोंड मागच्या डाव्या कोपऱ्यात हवं. तुमचं मध्यभागी किंवा उजवीकडे असणार. (मॉडेल बोटींच्या शर्यती घड्याळाच्या दिशेने होतात म्हणून ‘उजवं’ म्हणतोय. टर्न फिन, म्हणजे वळणात पाण्यात पकड घेणारी पाती, हीसुद्धा त्याचसाठी उजव्या स्पॉन्सनला असते.)

नळी जागेवर असेल तर टाकी काढा, सगळ्या नळ्या चिमटून एकीत फुंका आणि टाकी पाण्यात धरा. झाकणापाशी बुडबुडे आले तर टाकीतला दाब गळतोय. एक्झॉस्टच्या पाइपमधून येणाऱ्या दाबावरच कार्ब्युरेटरला इंधन ढकललं जातं, तो गळका असेल तर कुठलीच नीडल स्थिर राहत नाही. इंधनाच्या नळीत चालू इंजिनावर बुडबुडे दिसत असतील तर टाकी हादरतेय, खाली फोम घाला. टाकीची उंची कार्ब्युरेटरच्या पातळीशी जुळती ठेवा. हे सगळं झाल्यावर, आणि तेव्हाच, नीडलला हात लावा.

प्रश्न : ट्यून्ड पाइप किती आखूड करावा? एक जण म्हणतो जितका आखूड तितका वेग.

तो ‘एक जण’ प्रत्येक तळ्यावर असतो.

एक्झॉस्टला जोडलेल्या या पाइपचं काम समजून घ्या. एक्झॉस्ट उघडताच दाबाची लाट पाइपमध्ये शिरते. रुंदावत्या भागातून परत येणारी लाट जळका वायू ओढून घेते. पुढच्या अरुंद होत जाणाऱ्या भागावर आपटून परत येणारी लाट, बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद होण्याआधी सिलिंडरमध्ये ढकलते. मिनिटाला ३०,००० फेरे असतील तर एका फेऱ्याला २ मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्ट अर्धा फेरा उघडा धरला तर लाटेला जाऊन यायला उरतं एक मिलिसेकंद. पाइप आखूड केला की लाट लवकर परतते, म्हणजे तो जास्त फेऱ्यांवर जुळतो. पण तुमचा प्रॉप इंजिनाला तेवढे फेरे घेऊ देणार का? नाही देत, तर बोट पाइपवर चढतच नाही, म्हणजे पाइपचा जोर मिळतो त्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही. वळणातून बाहेर पडताना गुदमरते आणि लोक म्हणतात कार्ब्युरेटर बिघडला.

म्हणून इंजिन बनवणाऱ्याने दिलेल्या मापापेक्षा थोडा लांब ठेवून सुरुवात करा. मग एकदा ३ मिमी कमी, पाण्यावर पाहा, पुन्हा ३ मिमी. वळणातून उठणं मंदावलं की एक पायरी मागे या. मोजायचं ग्लो प्लगपासून (हेडमधला, तापलेल्या तारेने मिश्रण पेटवणारा प्लग) पाइपच्या सर्वांत रुंद भागापर्यंत, आणि माप पाइपवरच लिहून ठेवा.

नीडलचं वाचन पाइप ठरल्यावर. श्रीमंत बाजूने (म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त) सुरुवात करून बारीक बारीक आवळत या. काठावर उभ्या बोटीवर नीडल लावण्यात अर्थ नाही, प्रॉपवर भार नसतो. दोन-तीन फेऱ्या पूर्ण वेगात घ्या, थ्रॉटल बंद करून थेट काठाला आणा आणि प्लग काढा. तार चमकदार आणि सरळ असेल तर ठीक. काळवंडली, खरखरीत झाली किंवा पिळवटली असेल तर मिश्रण पातळ (इंधन कमी) आहे किंवा कॉम्प्रेशन जास्त आहे. मग हेडखाली ०.१ मिमीची शिम (पातळ चकती) वाढवून पाहा. कूलिंगच्या पाण्याची धार बोटीच्या ज्या बाजूने बाहेर पडते, ती काठावरून दिसेल अशी ठेवा. धार थांबलेली दिसली तर लगेच थ्रॉटल सोडा.

प्रश्न : ३० टक्के नायट्रो की ६०?

शिकताना ३०. नायट्रोमिथेन स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं. एक किलो मिथेनॉल जाळायला सुमारे साडेसहा किलो हवा लागते, एक किलो नायट्रोमिथेनला सुमारे १.७ किलो. त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जळतं आणि ताकद तिथून येते. त्याचबरोबर नीडल जास्त उघडावी लागते, टाकी लवकर संपते आणि कॉम्प्रेशन कमी करावं लागतं. टक्केवारी बदलून शिम तीच ठेवणाऱ्याचे प्लग जळत राहतात. तेलात काटकसर नको. २ टक्के तेल वाचवून कुणी शर्यत जिंकल्याचं मला तरी ठाऊक नाही.

परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी : युरोपियन युनियनमध्ये १ फेब्रुवारी २०२१ पासून १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेलं इंधन सर्वसामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय विकता येत नाही. तिथे हा प्रश्न आवडीचा राहिलेला नाही.

प्रश्न : प्रॉपला धार आणि बॅलन्स घरीच करता येईल का?

येईल, पण आधी धातू कोणता ते पाहा. शर्यतीचे बरेच प्रॉप बेरिलियम कॉपरचे असतात. त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. पाण्याखाली धरून, ओल्या पेपरने, योग्य मास्क लावून घासा. ग्राइंडर नकोच, आणि तो पेपर, ते पाणी स्वयंपाकघराच्या आसपाससुद्धा नको. हे जमणार नसेल तर धार लावलेला, बॅलन्स केलेला प्रॉप विकत घ्या.

आकड्यांचंही पुष्कळांनी विचारलंय. ऑक्ट्युरा या कंपनीच्या ‘एक्स ४४२’ प्रॉपमध्ये ४२ म्हणजे व्यास ४२ मिमी, आणि अलीकडचा ४ सांगतो की पिच (एका फेऱ्यात प्रॉपने कापायचं अंतर) व्यासाच्या १.४ पट, म्हणजे ५८.८ मिमी. ३०,००० फेऱ्यांना हा प्रॉप कागदावर ताशी १०६ किलोमीटर जातो. पाण्यात घसर असते, तेवढी वजा करा. अर्धा प्रॉप पाण्याबाहेर ठेवून पळण्याची ताकद जगाने पाहिली ती १९५० साली. ‘स्लो-मो-शन ४’ या मोठ्या हायड्रोप्लेनने सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवर ताशी १६०.३२ मैल गाठले, त्याआधीचा १९३९चा विक्रम १४१.७४ मैलांचा होता. एका उडीत एवढा फरक नुसत्या इंजिनाने पडत नाही.

प्रश्न : फ्लेक्स शाफ्ट सारखा तुटतो. जास्त जाड घ्यावा का?

ड्राइव्ह डॉग (शाफ्टवर घट्ट बसवलेला, प्रॉपला फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रटमध्ये फट ठेवली आहे का? फ्लेक्स शाफ्ट, म्हणजे ही वेणीची केबल, भाराखाली पिळ घेते आणि आखूड होते. ३ मिमीच्या आसपास फट नसेल तर डॉग स्ट्रटवर दाबला जातो, आणि मग काहीतरी तुटणारच. केबल दर वेळी बाहेर काढून पुसा, ग्रीस लावा. जाड केबलचा विचार त्यानंतर.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलाबरोबर हे सुरू करावं का?

करा, पण इंधन आणि स्टार्टर तुमच्या हातात. मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं आणि त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही. हातमोजे आणि चष्मा दोघांनाही. पाण्यात सोडण्याआधी रोज एक तपासणी मुलाकडून करून घ्या : इंजिन बंद असताना ट्रान्समीटर बंद करायचा आणि थ्रॉटलचा सर्व्हो (तो हलवणारी छोटी मोटर) आपोआप बंद स्थितीत जातो का ते बघायचं. फेलसेफ चालत नसेल तर त्या दिवशी बोट पाण्यात जाणार नाही. फिरत्या प्रॉपची बोट हातात धरून उभं राहायचं काम मोठ्यांचं, आणि तेही प्रॉप शरीरापासून दूर ठेवून.

प्रश्न : महिनाभर ठेवलेलं इंजिन आता फिरतच नाही. पिस्टन जाम झाला का?

कुठे अडतंय ते बघा. फक्त वरच्या टोकाला, थंड असताना अडत असेल तर बिघाड नाही. या इंजिनांच्या पिस्टनला रिंग नसते. स्लीव्ह (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) वर निमुळती असते आणि गरम झाल्यावरच माप जुळतं. स्टार्टरने जोर लावण्याआधी हीट गनने हेड कोमट करा, नाहीतर कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. मात्र सगळ्या फेऱ्यात खरखर लागत असेल तर बेअरिंग गंजली आहेत. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आत राहिलेलं थोडंसं इंधन त्याला पुरतं. बेअरिंग बदला, दोन्ही. पुढच्या वेळी शेवटच्या फेरीनंतर टाकी रिकामी करून आतलं इंधन जाळून संपवा, कार्ब्युरेटरमधून गंज रोखणाऱ्या आफ्टर-रन तेलाचे थेंब सोडा, प्लगच्या भोकातूनही सोडा आणि फ्लायव्हील हाताने फिरवून मगच बोट पेटीत ठेवा.