सिनेमावर बंदी, आमदाराची उडी आणि गोव्यातली दुसरी सही

(या सदरात वाचकांच्या निवडक प्रश्नांना वकील उत्तरं देतात. पत्रं संक्षिप्त केली आहेत.)

प्रश्न : महिनाभरात एक ऐतिहासिक सिनेमा येतो आहे. ट्रेलरमध्ये आमच्या आराध्य पुरुषाला न शोभणारं दृश्य आहे. सिनेमा थांबवायला न्यायालयात कसं जायचं? (वाचक, सातारा)

थोर माणसांशी पडद्यावर मनमानी होऊ नये, ही तुमची भावना रास्त आहे. पण संपूर्ण बंदी मागणाऱ्या बहुतेक याचिका फेटाळल्या जातात, हे वकिलाची फी भरण्याआधी माहीत असू द्या. सिनेमा पाहून निर्णय देण्याचं काम १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने सेन्सॉर बोर्डाकडे दिलं आहे. बोर्डाचं प्रमाणपत्र मिळालं की तपासणी नीट झाली असं न्यायालय गृहीत धरतं. ते खोटं ठरवायची जबाबदारी तुमची.

राज्य सरकारकडे धाव घेऊनही फारसं हाती लागत नाही. १९८९ च्या एस. रंगराजन निकालात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली आहे. सिनेमा आणि दंगल यांचा संबंध दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीइतका थेट असला, तरच रोखता येतं. नुसती मोर्च्याची किंवा हिंसेची धमकी पुरत नाही. जानेवारी २०१८ मध्ये ‘पद्मावत’वरच्या राज्यांच्या बंदीला आणि मे २०२३ मध्ये ‘द केरला स्टोरी’वरच्या पश्चिम बंगालच्या बंदीला याच विचाराने स्थगिती मिळाली. या दोन सिनेमांवर चिडलेली माणसं अगदी वेगळ्या गोटांतली होती. आपल्याला नको असलेला सिनेमा सरकारने बंद करावा असं वाटतं, तेव्हा हे आठवावं. तोच अधिकार उद्या दुसऱ्या पक्षाच्या सरकारकडे जातो आणि आपल्या आवडीच्या सिनेमावर चालतो.

तरी आक्षेप असेल तर असं करा. ट्रेलर आला त्याच आठवड्यात बोर्डाच्या मुंबई कार्यालयाला लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. ‘भावना दुखावल्या’ एवढ्यावर थांबू नका. कोणतं दृश्य, त्यात चूक काय, कोणत्या बखरीत किंवा पत्रात वेगळं लिहिलं आहे, हे पानासकट लिहा. वयोगटावर आक्षेप असेल तर तो वेगळा मांडा, कारण २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या गटाचे) ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत आणि गट बदलून मागणं हे बंदी मागण्यापेक्षा न्यायालयाला पटायला सोपं असतं. प्रमाणपत्र मिळाल्यावर सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ६ खाली केंद्र सरकारकडे अर्ज करता येतो. मात्र केंद्राला ‘एवढी दृश्यं कापा’ असं सांगण्याची मोकळीक त्यात नाही. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नेमका हाच प्रश्न विचारला, तेव्हा सहा बदल सुचवणारा आदेश केंद्राने मागे घेतला. पूर्वीचं अपिलीय न्यायाधिकरण २०२१ पासून बंद आहे, त्यामुळे पुढची पायरी थेट उच्च न्यायालय.

याचिका कुठे बुडते? शुक्रवारी सिनेमा आणि गुरुवारी दुपारी याचिका, सिनेमा पाहिलेलाच नाही, पुरावा म्हणून फक्त ट्रेलरची पेन ड्राइव्ह. ट्रेलर तीन आठवड्यांपूर्वी आला, मग इतके दिवस काय केलं, हा पहिला प्रश्न येतो आणि त्याला उत्तर नसतं. बदनामीची फिर्याद वेगळी. मृत व्यक्तीच्या बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चा आधार आहे, पण मजकूर कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्यासाठीच हवा. चाहते किंवा अनुयायी त्यात बसत नाहीत.

एक गोष्ट तरुण कार्यकर्त्यांसाठी. चित्रपटगृहाची काच फुटली की २००९ आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार नुकसान आयोजकांकडून वसूल करता येतं. ज्याचं नाव निवेदनावर पहिलं, भरपाईची नोटीस आधी त्याच्या घरी जाते. परंपरेचा मान राखायला निघालेल्या मुलाने आयुष्यभर गुन्ह्याची नोंद वाहावी, हे कुणालाच नको.

प्रश्न : हेच ओटीटीवर असेल तर? (वाचक, ठाणे)

तिथे सेन्सॉर बोर्ड नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक प्लॅटफॉर्मने तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव आणि पत्ता संकेतस्थळावर द्यायचा असतो. तक्रारीत मालिकेचं नाव, भाग आणि मिनिट-सेकंद लिहा, स्क्रीनशॉट जोडा. पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत यायला हवा. मुलांसाठी चाइल्ड लॉक आहे, ते लावा. घरात काय बघायचं हे आईवडिलांनी ठरवायचं, ते काम मंत्रालयावर टाकू नका.

प्रश्न : आमच्या ग्रुपवर कुणीतरी एका नेत्यावरची कविता टाकली. मी अ‍ॅडमिन आहे. पोलीस ठाण्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नोटीस’ आली आहे, फोन घेऊन या म्हणतात. जाऊ का? (वाचक, लातूर)

दुर्लक्ष करू नका आणि घाबरूनही जाऊ नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं म्हणजे बजावणी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. ठाण्यात लेखी अर्ज द्या : ‘नोटीस कायद्याने बजावावी, मी हजर राहीन.’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. रीतसर नोटीस आल्यावर मात्र दिलेल्या दिवशी जाच. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. न जाणाऱ्याच्या बाबतीत अटकेचा रस्ता मोकळा होतो.

मेसेज डिलीट करू नका. निर्दोष माणूस अशाने पुरावा नष्ट केल्याच्या आरोपात अडकतो. फोन मागितला तर जप्ती पंचनामा करून घ्या, त्यात मॉडेल आणि आयएमईआय (फोनचा ओळख) क्रमांक लिहिला आहे का ते स्वतः वाचा, मग सही करा. कोऱ्या कागदावर सही नाही. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार धरता येत नाही, असा नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे. त्याची प्रत सोबत ठेवा.

गुन्हा दाखल झाला असेल तर एफआयआरची प्रत मागा आणि कलमं पाहा. न्याय संहितेची १९६ (समाजात तेढ), २९९ (धार्मिक भावना दुखावणं) आणि ३५३ (अफवा, चिथावणी) ही तीन नेहमी दिसतात. तिन्हींत मूळ शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. इम्रान प्रतापगढी प्रकरणात २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेवरचा गुन्हा रद्द केला. अशा प्रकरणांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी आधी करणं उचित, असंही सांगितलं. ती झाली का, हे वकिलाने पहिल्याच दिवशी विचारावं. वडीलधाऱ्यांची आणि पदांची टिंगल ही सवय वाईटच आहे. ती घरात आणि शाळेत सुटायला हवी, कोठडीत नव्हे. राज्यघटनेने बोलण्यावर कोणती बंधनं घालता येतात ते कलम १९(२) मध्ये मोजून लिहिलं आहे, आणि ‘नेत्याला राग आला’ हे कारण त्या यादीत नाही.

प्रश्न : मी ज्या चिन्हावर मत दिलं ते सोडून आमचे आमदार दुसरीकडे गेले. साध्या मतदाराला काही करता येतं का? (वाचक, नाशिक)

येतं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखालची (पक्षांतरबंदीची) अपात्रतेची याचिका फक्त दुसऱ्या आमदारानेच करायची असते, असा समज आहे. ओडिशाच्या एका प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती ती विधानसभा अध्यक्षांकडे करू शकते. याचिकेला दिवाणी दाव्यासारखं सत्यापन (मजकूर खरा असल्याचं सहीनिशी लिहून देणं) लागतं, आणि प्रत्येक जोडपत्रावरही ते लागतं. ते राहिलं म्हणून याचिका परत येते.

दोन गैरसमज काढून टाका. ‘एक तृतीयांश फुटले तर चालतं’ ही तरतूद २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेली. ‘दोन तृतीयांश गेले की सुरक्षित’ हेही अर्धवट आहे. तिथे पक्षाचं विलीनीकरण लागतं, आमदारांचा नुसता गट नव्हे. शिवाय पक्ष सोडल्याचं राजीनाम्यानेच सिद्ध होतं असं नाही, वागण्यावरूनही होतं. हे रवी नाईक प्रकरणात १९९४ मध्ये ठरलं, आणि ते गोव्याचंच प्रकरण होतं.

महाराष्ट्रात गाडं कुठे अडलं ते पाहा. शिवसेनेतल्या फुटीवरच्या ११ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने प्रतोद (पक्षाचा आदेश बजावणारा आमदार) राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही, हे स्पष्ट केलं. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं चुकीचं ठरवलं. उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्याने जुनी स्थिती मात्र परत आणता आली नाही. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गटाला खरा पक्ष मानलं आणि दोन्ही बाजूंच्या कुणालाच अपात्र केलं नाही. त्यात निर्णायक ठरले कागद : निवडणूक आयोगाकडे पक्षाची कोणती घटना दाखल आहे, आणि व्हीप (पक्षाचा आदेश) प्रत्येकाच्या हातात पोचल्याचा पुरावा काय. कार्यकर्त्यांनो, पक्षाची घटना बदलली की ती त्याच आठवड्यात आयोगाकडे पाठवून पोच फाइलला लावा.

अध्यक्ष निर्णयच देत नसतील तर उच्च न्यायालयात जाता येतं. २०२० च्या मणिपूर निकालाने साधारण तीन महिन्यांची मुदत सुचवली, आणि जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या अध्यक्षांना तीन महिन्यांत निर्णय द्यायला सांगण्यात आलं. तरीही मुदत परिशिष्टातच लिहिली जायला हवी, आणि ती संसदेने लिहावी. न्यायालयाने प्रत्येक प्रकरणात नवी मुदत ठरवत बसणं हा उपाय नव्हे. तुमच्या खासदाराला पत्र लिहायचं तर ही एकच मागणी लिहा.

प्रश्न : मुलगा मुंबईत नोकरीला, होणारी सून म्हापशाची. लग्न गोव्यात. ‘तिथे समान नागरी कायदा आहे, अर्धी इस्टेट बायकोची होते’ असं नातेवाईक म्हणतात. (वाचक, रत्नागिरी)

नातेवाईक बरंचसं खरं सांगतात. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून आहे आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही ती ठेवली गेली. वेगळा करार नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, लग्नाआधीची धरून. पूर्ण वेगळेपणा हवा असेल किंवा लग्नाआधीचं वेगळं आणि नंतरचं सामाईक हवं असेल, तर विवाहपूर्व करार नोटरीचे अधिकार असलेल्या उपनिबंधकासमोर करावा लागतो. तो लग्नाआधीच. एकदा लग्नाची नोंद झाली की तो बदलता येत नाही, आणि नेमकं इथेच लोक चुकतात : हॉल, केटरर, पत्रिका सगळं ठरतं आणि कराराची आठवण हळदीच्या दिवशी होते. मुलगा गोव्याबाहेरचा असल्याने कोणता कायदा लागू याचा वाद पुढे होऊ शकतो, म्हणून तुमच्या बाबतीत करार असलेला बरा. अधिवासाची कागदपत्रं गोव्यातल्या वकिलाला आधी दाखवा.

नोंदणीच्या दोन पायऱ्या असतात. पहिल्या सहीला दोघांनी सिव्हिल रजिस्ट्रारसमोर लग्नाचा इरादा जाहीर करायचा. मग हरकतींसाठी नोटीस लागते. मुदत संपल्यावर साक्षीदारांसह दुसरी सही. पहिली सही करून, मंडपात सप्तपदी घेऊन, दुसरी सही राहून गेलेली जोडपी असतात. नागरी कायद्याच्या दृष्टीने ते लग्न अपुरं राहतं, आणि हे बहुधा पासपोर्टच्या किंवा वारसाच्या वेळी कळतं. दुसऱ्या सहीची तारीख पत्रिका छापण्याआधी घ्या.

वारसाचा हिशेब असा. जोडप्याची सामाईक मालमत्ता ८० लाखांची, मुलं दोन. नवरा गेला तर ४० लाख बायकोचे आधीपासूनच होते, ते वारसा म्हणून मिळालेले नाहीत. उरलेल्या ४० पैकी २० लाख मृत्युपत्राने कुणालाही देता येतात. बाकीचे २० मुलांसाठी राखीव, त्यांना डावलता येत नाही. मुलगी-मुलगा फरक नाही. गोव्यात अधिवास असलेल्याची गोव्याबाहेरची मालमत्ताही याच नियमाने जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. मुंबईतला फ्लॅटही यात येऊ शकतो. बापाने रागात मुलीला बेदखल करायचं आणि गावाने बघत राहायचं, याला हा जुना कायदा दीडशे वर्षं जागा देत नाही. देशासाठी समान नागरी कायदा लिहिताना राज्यघटनेच्या कलम ४४ वर भाषणं करण्याआधी म्हापसा-मडगावच्या निबंधक कार्यालयातली ही पद्धत संसदेने बारकाईने बघावी. तिच्यात दोषही आहेत. हिंदूंसाठीच्या १८८० च्या जुन्या आदेशात ठरावीक परिस्थितीत दुसऱ्या लग्नाची तरतूद अजून कागदावर आहे, आणि ती जायला हवी.

आयकराचं शेवटी. आयकर कायद्याप्रमाणे अशा जोडप्याचं घरभाडं, धंद्याचा नफा, भांडवली नफा आणि इतर उत्पन्न निम्मं-निम्मं दाखवायचं असतं. पगार मात्र ज्याचा त्याचाच. विवरणपत्रात त्यासाठी शेड्यूल ५ए आहे. मुंबईतल्या सीएला ते अनेकदा भरावं लागत नाही, म्हणून लग्न कोणत्या पद्धतीत झालं ते त्यांना आधी सांगा.