जुन्या घरगुती वस्तूंपासून पूर्वीच्या धर्तीचं कॅम्पिंगचं सामान बनवता येईल का? सुरुवात कशापासून करावी?

नक्की बनवता येतं, आणि सुरुवात चुलीपासूनच करा. अंथरुणाचं जुन्या घोंगडीवर निभावतं, पण चूल धड नसेल तर मुक्काम बेचव होतो.

मोठा लोखंडी पत्र्याचा डबा घ्या, तोंड वर. तळाजवळ चहूबाजूंनी बोट जाईल एवढ्या भोकांची रांग पाडा. ठोकताना पत्रा चेपतो, म्हणून आत घट्ट बसेल असा लाकडाचा ठोकळा घाला. तशीच रांग वरच्या काठाखाली हवी, नाहीतर भांडं ठेवलं की धूर कोंडून जाळ विझतो. काटक्या सरकवायला खाली एक खिडकी कापा आणि तिच्या कडा कानशीने घासा. कापलेला पत्रा पात्यासारखा लागतो. गरम हवा वर चढते, खालून गार हवा ओढली जाते, म्हणून मूठभर वाळक्या काटक्यांवरही पाणी उकळतं. पहिला जाळ उघड्यावर आणि रिकाम्या चुलीतच करा. डब्याचा रंग आणि आतला लेप जळून जायला हवा.

जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा पत्रा मात्र विस्तवाजवळ नेऊच नका. खूप तापला की जस्ताचा धूर होतो आणि तो श्वासातून गेला की काही तासांत हुडहुडी भरून ताप येतो. भांड्यासाठी मी झाकणाचा स्टीलचा डबाच वापरतो, काठाला दोन भोकं पाडून तारेची कडी लावलेला. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. रिकामं भांडं निखाऱ्यांवर विसरलात तर गेलंच.

छपराला जाड सुती चादर चालेल. पाणी झिरपू नये म्हणून तिला मेण लावा. मेण डब्यात घालून तो डबा पाण्याच्या भांड्यात ठेवूनच वितळवा, थेट आचेवर कधीच नाही. ब्रशने लावा, मग इस्त्री फिरवून मुरवा. असं कापड चटकन पेट घेतं, तेव्हा चूल लांबच. टोकांना भोकं पाडून कापड फाडू नका. कोपऱ्यात गुळगुळीत गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधा. कितीही ताणा, सुटत नाही.

आग पेटवायला जुन्या जीन्सचे तुकडेही कामाला येतात, फक्त कापड शंभर टक्के सुती हवं. झाकणाला खिळ्याएवढं एकच भोक असलेल्या छोट्या डबीत ते भरून निखाऱ्यांवर ठेवा. भोकातून धूर यायचा थांबला की चिंधी कोळशासारखी काळी झालेली असते आणि चकमकीची ठिणगी लगेच धरते. डबी पूर्ण गार झाल्यावरच उघडा, नाहीतर हवा लागून सगळं आतच पेटतं.