नर्सरीत, बागेत ऑटिस्टिक मुलांना काम : आलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं

निफाड तालुक्यातल्या एका नर्सरीवाल्या दादांचा प्रश्न आहे, शेजारचा 22 वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक म्हणजे स्वमग्न आहे, बोलतो कमी पण हात चांगला चालतो, त्याची आई म्हणते कामाला घ्या, तर काय काम द्यावं आणि मजुरी किती?

दादा, घ्या कामाला. फक्त मजूर मिळत नाही म्हणून कुठेही उभा केला असं नको, त्याला जमेल ते काम बघून द्या. तुमच्याकडे ट्रे भरणं रोजचंच आहे, 98 कप्पे, प्रत्येकात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बोटाने खड्डा, एक बी, वरून परत कोकोपीट. आपल्याला चौथ्या ट्रेला कंटाळा येतो मग कुठे दोन बिया पडतात, कुठे कप्पा रिकामा राहतो. ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांना असं एकाच क्रमाचं काम आवडतं. सगळ्यांनाच नाही हां, काहींना कोकोपीट हाताला लागलेलं अजिबात सहन होत नाही, मग ग्लोव्हज देऊन बघा नाहीतर रोपं मोजून क्रेटमध्ये लावायला द्या. पहिले काही दिवस तासभरच बोलवा, आईलाही येऊ द्या सोबत.

शिकवताना "जरा नीट भर" असं म्हणू नका, नीट म्हणजे किती ते त्याला कसं कळणार? एक ट्रे त्याच्यासमोर भरून दाखवा आणि तोच नमुना म्हणून शेजारी ठेवा, मोबाईलवर चार फोटो काढून प्रिंट क्रमाने चिकटवा. "दहा ट्रे, मग चहा" असं स्पष्ट सांगा आणि दहा झाले की खरंच चहा द्या, अकरावा मागू नका. जागा तीच, सांगणारा माणूस एकच. उद्या काम बदलणार असेल तर आजच सांगून ठेवा.

गुलाबी-लाल रंगाचं बियाणं म्हणजे कीड-बुरशीचं विषारी औषध लावलेलं असतं. काही मुलांना वस्तू तोंडात घालायची सवय असते, ते आईला आधीच विचारा, आणि ग्लोव्हज, साबणाने हात धुणं सगळ्यांनाच लावा म्हणजे तो एकटा वेगळा पडणार नाही. तहान लागली तरी काही जण सांगत नाहीत, ठराविक वेळेला पाणी तुम्हीच द्या.

मजुरी बाकीच्यांना देता तीच. "बसून तरी काय करणार होता" म्हणून निम्मी रोजी देणं मला अजिबात पटत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, स्पष्ट धरलेली आहे. त्याचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर घरच्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवा, आणि नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याची चौकशी करायला सांगा, त्यात वर्षाला 1 लाखापर्यंत उपचाराचा खर्च मिळतो.

दुसरा प्रश्न दिंडोरीच्या एका ताईंचा. मुलगा 19 वर्षांचा, द्राक्षबागेत घडांना पेपर लावायला जातो, काम सुंदर करतो पण शेजारच्या प्लॉटमध्ये ब्लोअर (फवारणीचं यंत्र) सुरू झाला की कान दाबून पळत सुटतो, मालक म्हणतात नाटकं करतो.

ताई, नाटक नाही ते. आपल्याला जो नुसता आवाज वाटतो तो काहींना खरंच सोसत नाही. कान झाकणारे इअरमफ मिळतात ते घेऊन द्या, घरी सवय करा मग बागेत. आणि आवाज झाला की कुठे जाऊन बसायचं ती एक जागा ठरवा, रोज दाखवा. मला जास्त काळजी पळण्याची वाटते, कारण बागेला लागून विहीर नाहीतर शेततळं असतंच, आणि शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला की वर येता येत नाही. कुंपण, आत सोडलेला दोर, खिशात तुमचा नंबर, हे झाल्याशिवाय त्याला तिथे पाठवू नका. मालकांना म्हणावं फवारणी कधी आहे ते आदल्या संध्याकाळी कळवा, तसंही फवारणीच्या वेळी आसपास मजूर नसावेतच. ऐकत नसतील तर मला सांगा, मी बागेवर येऊन बोलतो त्यांच्याशी.