जुन्या गाडीत जळका वास येतो, म्हणजे क्लच प्लेटच गेली का?

तुमचा प्रश्न: २००६ ची वॅगन आर, पाच-सात किलोमीटर चालली की जळका वास येतो. गॅरेजवाला म्हणतो, ‘घरी बाई गाडी चालवते ना, मग क्लच प्लेट जळाली.’ तर बदलून घ्यावी का?

नाही. चारही चाकं तपासल्याशिवाय अजिबात नाही. हे उत्तर मी त्या गॅरेजवाल्याच्या वाक्यासाठी लिहितेय. तेच वाक्य मी ऐकलंय आणि त्याचे पैसेही भरलेत.

आमची झेन २००३ ची, सासऱ्यांनी घेतलेली. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. त्या वर्षी जुलैपासून पावसाने उसंत दिली नाही. गाडी पंधरवडाभर अंगणात उभी, आणि सासऱ्यांच्या शिस्तीप्रमाणे हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढलेला. चतुर्थीच्या खरेदीला बेळगावला निघालो. चालवत होते मी, बाजूला धाकटे दीर, मागे नवरा आणि सासूबाई. साखळी गेली, पर्ये मागे पडलं आणि केरीच्या अलीकडे वास आला, जळक्या पुठ्ठ्यासारखा. भावोजी लगेच म्हणाले, “वहिनी, क्लचवर पाय ठेवून चालवता तुम्ही. जाळलीत प्लेट.”

सरळ रस्ता होता, गाडी चौथ्या गिअरमध्ये, माझा डावा पाय खाली मॅटवर. मी तसं सांगितलं. कोणी ऐकलं नाही. चोर्ला घाट लागायच्या आधीच परत फिरलो. येताना भावोजींनी चालवली, तरी वास होताच. त्यावर ते म्हणाले, “एकदा जळली की येतोच.”

त्यांच्या ओळखीच्या गॅरेजात क्लच सेट बदलला. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मजुरी धरून साडेसहा हजार. जुनी प्लेट मी मागून घेतली. चौथ्याच दिवशी म्हापशाहून येताना पुन्हा तोच वास. या वेळी मी एकटी होते. अस्नोड्याला गाडी बाजूला घेतली, उतरले आणि चारही चाकांजवळ तळहात नेऊन पाहिला. तीन चाकं कोमट, मागचं डावं असं तापलेलं की हात जवळ धरवेना. बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब शिंपडले तर फस्स आवाज. (चार थेंबच, बाटली ओतू नका, तापलेला ड्रम, म्हणजे चाकातली ब्रेकची लोखंडी वाटी, तडकू शकतो.) वाकून वास घेतला. तिथूनच येत होता.

दुसऱ्या दिवशी साखळीच्या एका वयस्क मेस्त्रींकडे गेले. त्यांनी जॅक लावला. हँडब्रेक खाली, गाडी न्यूट्रलमध्ये, तरी चाक हाताने फिरेना. ड्रम उघडला तर ब्रेक शूचं (ड्रमला आतून दाबून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांचं) लाइनिंग, म्हणजे घासणारा थर, काचेसारखं चकचकीत झालेलं आणि ड्रमवर निळसर झाक. हँडब्रेकची केबल आतून गंजून आवरणातच अडकली होती. दांडा खाली यायचा, पण केबल पूर्ण परत येत नव्हती, म्हणून शू ड्रमला घासत राहायचे. डिकीतली जुनी क्लच प्लेट मी त्यांना दाखवली. ती उलटसुलट करून ते म्हणाले, “बाय, ही कोणी काढली? हिला काही झालेलं नव्हतं.” रिव्हेटच्या वर लाइनिंग चांगलं शिल्लक होतं. केबल बदलली, शू मागच्या दोन्ही चाकांचे घातले (एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक एकीकडे ओढतो) आणि ड्रम लेथवर साफ करून घेतला. क्लचच्या निम्म्या खर्चातही काम झालं.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. अशा हवेत हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर ठेवली की शू ड्रमला चिकटतात. पावसाळ्यात गाडी गिअरमध्ये ठेवा. तोंड चढाकडे असेल तर पहिल्यात, उताराकडे असेल तर रिव्हर्समध्ये, आणि चाकाला दगड लावा. आमच्याकडे यावरूनही वाद झाला, गिअरबॉक्स खराब होतो म्हणे. बंद गाडीचा गिअरबॉक्स त्याने खराब होत नाही.

आता तुमची गाडी. क्लचचा वास चढावर उचलताना किंवा रिव्हर्स घेताना येतो, आणि क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही. सपाट जागी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलं तर चांगली प्लेटही जाळाल. पुढच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चकती दाबून धरणारा चिमटा) जाम झाला तरी चाक असंच तापतं, म्हणून चारही चाकं बघा. आणि दोन वर्षांत ब्रेक ऑइल बदललं नसेल तर बदला. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ प्रकारचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. मग घाट उतरताना पेडल सरळ खाली जातं. म्हणून चाक तापत असेल तर अनमोड, चोर्ला असा कुठलाच घाट नको.

हे सगळं वास पुठ्ठ्यासारखा असेल तर. तेल करपल्यासारखा असेल तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग बघा, तिथून तेल धूर नेणाऱ्या तापलेल्या मॅनिफोल्डवर ठिबकतं. प्लास्टिकचा असेल तर गाडी थांबवा, बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का पाहा. पावसात ते बॉनेटखाली नारळाची सोडणंसुद्धा नेऊन ठेवतात. पेट्रोलचा वास असेल तर चालूच करू नका.

आणि ड्रम उघडतील तेव्हा तुमच्या पत्नीला तिथे घेऊन जा. दोष तिच्यावर घातलाय, तर आत काय निघतं ते तिच्यासमोर निघू दे. क्लच खरंच गेलेला निघाला, तरी जुनी प्लेट मागून घ्या आणि तिच्या हातात द्या. माझी अजून पडवीत खिळ्याला टांगलेली आहे, भावोजी येतात तेव्हा समोरच दिसते.